आधाराचे उपचार आणि ते शिकवण्याची रीत : खानदेशातून एक आढावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी केळीचे घड वाहून दमलेला मजूर बागेतच कोसळतो. अंग तव्यासारखं तापलेलं असतं, बोलणं असंबद्ध असतं. दवाखान्यात त्याचा जीव वाचवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात : अंगावरचे कपडे काढणं, गार पाणी, ओल्या चादरी आणि जोरात लावलेला पंखा. तापाची गोळी इथे कामाची नाही, कारण हा ताप जंतूंनी चढवलेला नसतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायची यंत्रणाच बंद पडलेली असते. अर्ध्या तासाच्या आत अंग थंड करता आलं, तर माणूस बहुधा वाचतो. पुस्तकात हे चार ओळींत आटोपतं. पण पाणी कोण आणणार, थर्मामीटर कुठे लावायचा, मिनिटं कोण मोजणार आणि तोवर घाबरलेल्या नातेवाइकांशी कोण बोलणार, हे त्या चार ओळींत मावत नाही.

वैद्यकात याला ‘सपोर्टिव्ह ट्रीटमेंट’ म्हणतात. आजाराच्या मुळावर घाव घालायचा नाही, पण शरीराला तग धरता यावा म्हणून लागेल ते करायचं. सलाईन, ऑक्सिजन, रक्त, वेदना कमी करणं, नवजात बाळाला ऊब देणं, हाताने श्वास देत राहणं, हे सगळं त्यात येतं. या लेखात त्याला आधाराचे उपचार म्हटलं आहे. यांतले कोणते उपचार खरोखर उपयोगी पडतात, हा एक प्रश्न. उद्याच्या डॉक्टरांना ते कसे शिकवायचे, हा दुसरा. दोन्हींवर जगभर संशोधन होतं, पण पहिलं वैद्यकाच्या नियतकालिकांत छापलं जातं आणि दुसरं वैद्यकीय शिक्षणाच्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांचं फारसं वाचत नाहीत. ही दोन टोकं शेजारी ठेवून कुठवर काय आलं आहे ते पाहावं, एवढाच या लेखाचा उद्देश.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत खानदेशात वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. डॉक्टर व्हायचं तर मुंबई, पुणे नाहीतर औरंगाबाद गाठावं लागे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. त्यानंतर लवकरच अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या स्मरणार्थ खासगी महाविद्यालय सुरू झालं. या शतकाच्या पहिल्या दशकात जळगावजवळ डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय निघालं. २०१८मध्ये जळगावच्या जिल्हा रुग्णालयाला शासकीय महाविद्यालय जोडलं गेलं आणि २०२०मध्ये नंदुरबारलाही. एका पिढीच्या आत शून्यावरून पाचावर.

या महाविद्यालयांच्या वॉर्डांत येणारे आजार या मातीतलेच. कापसाच्या फवारणीतून किंवा कीटकनाशक पिऊन झालेली विषबाधा, सर्पदंश, उष्माघात, लहान मुलांची हगवण, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडे आणि पश्चिमेला साक्रीकडे भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा कुटुंबांत दिसणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. यांतल्या जवळजवळ प्रत्येकात रुग्ण वाचतो की जातो, याचा निकाल बराचसा आधाराच्या उपचारांवर लागतो.

शिक्षणाकडचा इतिहास जुना आहे. १९४६च्या भोर समितीने समाजाचं आरोग्य पाहणारा डॉक्टर घडावा असं म्हटलं. १९७५च्या श्रीवास्तव समितीनेही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, आणि १९७७मध्ये विद्यार्थ्यांना गावाकडे नेणारी योजना आली. ती बहुतेक ठिकाणी फिरत्या दवाखान्याच्या गाड्यांपलीकडे गेली नाही. सेवाग्राम हा ठळक अपवाद. १९६९मध्ये सुरू झालेल्या तिथल्या महाविद्यालयात नव्या तुकडीचं गावातलं शिबिर हा अभ्यासाचाच भाग ठरला. पुढे १९९७चे नियम आले आणि २०१९मध्ये क्षमताधारित अभ्यासक्रम आला, ज्याला सगळे ‘सीबीएमई’ म्हणतात. सुरुवातीचा महिनाभराचा पायाभूत वर्ग, पहिल्याच वर्षी रुग्णाशी ओळख, कौशल्यांची प्रयोगशाळा, वागणूक-नीती-संवाद शिकवणारा ‘एटकॉम’, प्रत्येक कौशल्यासाठी लॉगबुकात सही. २०२०मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि २०२२पासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची, असा कार्यक्रम जोडला गेला.

ज्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही

आधाराच्या उपचारांतलं सर्वांत मोठं यश साखर, मीठ आणि पाण्याचं आहे. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मिश्रण कालवून लोकांना ते पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. १९७८मध्ये ‘लॅन्सेट’ने हा शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचं म्हटलं.

अशक्त, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याबद्दलही आता शंका नाही. २०२१मध्ये पाच देशांत झालेल्या चाचणीत हे जन्मानंतर लगेच सुरू केलं तेव्हा नवजात मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले. त्याच्या आधी, १९९९मध्ये, अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं होतं की शिकवून तयार केलेली गावातली बाई घरीच नवजात बाळाची काळजी घेऊ शकते आणि त्यातून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात.

कोविडनेही हाच धडा मोठ्या किमतीला दिला. जून २०२०मध्ये जळगावचा मृत्युदर राज्यभर काळजीचा विषय झाला होता. त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोनसारखं स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी करतं. बरे झालेल्यांच्या ज्या प्लाझ्मासाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते, त्याची तपासणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर केली. त्यात फायदा आढळला नाही. ऑक्सिजन, पालथं झोपवणं, योग्य वेळी स्टेरॉइड आणि रात्री जागी असलेली नर्स, हेच टिकलं.

जिथे अजून मतभेद आहेत

‘सलाईन लावा ना, डॉक्टर’ ही मागणी आपल्याकडे आपुलकीची आहे. बाटली लटकली की उपचार सुरू झाले, असं घरच्यांना वाटतं. पण आधाराचा म्हणून दिलेला उपचार नेहमी आधारच देतो असं नाही. २०११मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ तापाने गंभीर आजारी मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत ज्यांना भराभर सलाईन दिलं, त्यांच्यात ४८ तासांतले मृत्यू १०.५ टक्के होते. ज्यांना तसं दिलं नाही, त्यांच्यात ७.३ टक्के. या चाचणीत हगवणीची मुलं घेतलेली नव्हती, आणि ती आफ्रिकेतल्या मर्यादित सोयींच्या रुग्णालयांत झाली. तिचा निष्कर्ष आपल्या डेंग्यूच्या किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या मुलाला कितपत लावायचा, यावर बालरोगतज्ज्ञांत आजही एकमत नाही. सावध गट म्हणतो, थोडं थोडं द्या आणि दर वेळी तपासा. दुसरा गट म्हणतो, आपल्याकडे मूल आधीच कोरडं पडून येतं, हात आखडता घेणं धोक्याचं.

विषबाधेत हा पेच आणखी गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातलाच आहे. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांत अ‍ॅट्रोपिन लागतं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘पाम’ म्हणजे प्रालिडॉक्सिमबद्दल. २००६मध्ये बारामतीच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये २०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. जास्त मात्रेचं ‘पाम’ सलग ठिबकत ठेवलं त्या शंभरांत एक दगावला, तर कमी मात्रा अधूनमधून दिलेल्या शंभरांत आठ. तीन वर्षांनी श्रीलंकेतून २३५ रुग्णांची चाचणी आली. त्यात ‘पाम’ मिळालेल्यांत जवळजवळ २५ टक्के मृत्यू आणि न मिळालेल्यांत सुमारे १६ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, पण फायदा मात्र नक्कीच दिसला नाही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचत होते, तिथे अतिदक्षता विभागाची सोय होती, विष आणि त्याची मात्रा वेगळी असेल, असं एक बाजू सांगते. दुसरी बाजू म्हणते, तर मग जीव वाचवला तो त्या सोयींनीच, ‘पाम’ने नव्हे. खानदेशातल्या तालुक्याच्या डॉक्टरला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. पेशंट समोर असतो, आणि गावाकडे ‘पाम दिलं का?’ असंच विचारतात.

अ‍ॅट्रोपिन द्यायची पद्धत मात्र बरीच ठरली आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करायची. प्रत्येक वेळी छातीला स्टेथोस्कोप लावून खरखर ऐकायची, नाडी मोजायची, बाहुली पाहायची आणि काखेत हात घालून घाम आहे का ते बघायचं. काख कोरडी झाली, छाती मोकळी झाली की दुप्पट करणं थांबवायचं. बांगलादेशात या पद्धतीची तुलना जुन्या ठराविक मात्रेशी झाली, तेव्हा मृत्यू २२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. यात महागडं यंत्र काही नाही. तासभर खाटेशेजारून न हलणारा एक हात हवा, आणि बहुतेक वेळा तो इंटर्नचा असतो.

सर्पदंशात मोजमाप आणखी साधं आहे. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात आहे असं समजायचं. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाच्या पावडरने घासलेली असली की निकाल चुकतो, कारण रक्त गोठायला काचेचा स्पर्शच लागतो. मण्यार चावली तर अनेकदा दंशाची खूणही दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, हळूहळू पापण्या मिटायला लागतात. तिथे सर्पविषावरची लस एकटी पुरत नाही. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत अंबू बॅग दाबत श्वास देत राहावा लागतो. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. लसीची किती मात्रा द्यायची, कमी पुरते का, आणि चार सापांच्या विषापासून बनणारी आपली लस प्रत्येक प्रदेशात सारखीच चालते का, यावर अजून काम सुरू आहे.

विंचवाच्या दंशात महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या खाटांपाशी बसून प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि १९८६मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पुढे २०११मध्ये त्यांच्याच चाचणीत लस आणि प्राझोसिन मिळून रुग्ण लवकर सावरतात असं दिसलं. मोठ्या शहराबाहेरच्या डॉक्टरने काय करता येतं, याचं हे उदाहरण अभ्यासक्रमात अजून ठळकपणे यायला हवं, असं मला वाटतं.

सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. डॉ. सुदाम काटे यांनी पुण्यातून येऊन सातपुड्याच्या आदिवासी भागात अनेक वर्षं तपासण्या केल्या. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै २०२३मध्ये केंद्राने २०४७पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. त्यात सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५पासून माहीत आहे. प्रश्न मात्रेचा आहे. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचा अनुभव सांगतो की आपल्याकडच्या मुलांत कमी, ठराविक मात्राही चांगलं काम करते आणि रक्ताच्या वारंवार तपासण्या परवडत नाहीत तिथे ती सोयीची आहे. युगांडातल्या २०२०च्या चाचणीत मात्रा वाढवत नेलेल्या मुलांना जास्त फायदा झाला. आपल्याकडे आढळणारा सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारापेक्षा वेगळा आहे, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सातपुड्यातल्या मुलांवर या प्रश्नाचं उत्तर इथेच शोधावं लागेल.

शिकवण्याबद्दलचे पक्ष

नव्या अभ्यासक्रमाच्या बाजूचे शिक्षक म्हणतात, पूर्वी विद्यार्थी पाठांतराने पास होत आणि इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदा सुई हातात धरत. आता सर्पदंश, विषबाधा, कर्करोगाच्या रुग्णाच्या वेदनेचं मोजमाप, या सगळ्यांची स्वतंत्र कौशल्यं म्हणून नोंद आहे. पुतळ्यावर चुकायची मुभा मिळते. अवघड बातमी कशी सांगायची हेही शिकवलं जातं.

शंका घेणाऱ्यांचंही ऐकण्यासारखं आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना प्रत्येक विद्यार्थ्याचं प्रत्येक कौशल्य खरंच तपासायचं म्हटलं, तर लॉगबुकावरच्या सह्या एका बैठकीत उरकल्या जाण्याचा धोका असतो. दत्तक कुटुंबांचा कार्यक्रम चांगला आहे, पण बसने गावात जाऊन फॉर्म भरून परत येण्यापलीकडे विद्यार्थी काय देतो, आणि त्या कुटुंबाला त्यातून काय मिळतं, हे विचारलं जात नाही. आणि अंतिम परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांचीच राहिली तर मुलं कोचिंगकडेच वळणार. ‘नेक्स्ट’ ही राष्ट्रीय परीक्षा २०२३मध्ये पुढे ढकलली गेली आणि ती गोष्ट तिथेच लोंबकळली आहे.

पुरावा कुणाच्या बाजूने? प्रश्न समोर ठेवून शिकवण्याची पद्धत १९६९मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झाली. २०००मधल्या एका आढाव्याने तिच्यामुळे ज्ञान वाढतं याचा पटण्याजोगा पुरावा नसल्याचं म्हटलं. २००८च्या दुसऱ्या आढाव्याला पुढे डॉक्टर झाल्यावर संवाद आणि विचार करण्याच्या बाबतीत तिचा फायदा दिसला. पुतळ्यांवरच्या सरावाचा पुरावा जास्त भक्कम आहे. २०११मध्ये ६०० हून जास्त अभ्यास एकत्र पाहिल्यावर हातकौशल्यात मोठी सुधारणा आढळली. पण हे अभ्यास ‘काहीच न शिकवण्या’शी तुलना करणारे होते. आपल्याकडच्या संशोधनाची अडचण वेगळी. एका महाविद्यालयातली एक तुकडी, वर्गाआधी प्रश्नावली, वर्गानंतर प्रश्नावली, आणि निष्कर्ष असा की विद्यार्थ्यांना पद्धत आवडली. पद्धत आवडली, हे पुरेसं नाही. रुग्णाला काही फरक पडला का?

हा प्रश्न विचारणारे अभ्यास थोडे आहेत, पण त्यांतला एक आपल्या शेजारचा आहे. बेळगाव परिसरात जन्मलेल्या बाळाला श्वास घ्यायला मदत करण्याचं प्रशिक्षण ५९९ प्रसूती कर्मचाऱ्यांना दिलं गेलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मृतजन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं, नवजात मृत्यू मात्र तसेच राहिले. निष्कर्ष अर्धा आहे, पण मोजलं ते बाळांमध्ये, प्रश्नावलीत नव्हे.

दुसरा अभ्यास २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये आला आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टरांकडे संशोधकांनी हगवणीच्या मुलाचे पालक म्हणून माणसं पाठवली. ओआरएस म्हणजे तेच साखर-मिठाचं पाणी का लिहून दिलं जात नाही, याचं सर्वांत मोठं कारण निघालं : डॉक्टरांना वाटतं की पालकांना ते नको आहे. न लिहिण्याचा सुमारे ४२ टक्के भाग याच समजुतीने उलगडला. साठा नसणं किंवा दुसऱ्या औषधातला नफा यांचा वाटा पाच-सहा टक्केच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत हगवण झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. म्हणजे उरलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत डॉक्टरला माहिती कमी होती असं नव्हे. आईशी दोन वाक्यं बोलायची राहून गेली. एटकॉमचे धडे या दोन वाक्यांपर्यंत पोचतात का, हे अजून कुणी तपासलेलं नाही.

भाषेचा मुद्दा

इथे खानदेशातली एक खास अडचण येते. महाविद्यालयातली मुलं लातूर, कोल्हापूरची असतात, थोडी राज्याबाहेरची. वॉर्डातली आजी अहिराणीत सांगते, ‘मनं पोट दुखस, चक्कर यी ऱ्हायनी.’ विद्यार्थ्याला पोट कळतं, बाकीचं अंदाजाने. सातपुड्याकडून आलेली बाई पावरी बोलते, मग वॉर्डबॉय किंवा शेजारच्या खाटेवरचा माणूस दुभाषी होतो. पायाभूत वर्गात स्थानिक भाषा शिकवावी असं अभ्यासक्रम म्हणतो. ती कोणती भाषा, पाठ्यपुस्तकी मराठी की अहिराणी, हे त्यात स्पष्ट नाही. एक मत असं की चार महिन्यांत मुलं आपोआप शिकतात. दुसरं मत असं की वेदनेची तीव्रता, चावल्याची वेळ, विषाच्या डब्यावरचं नाव, या गोष्टी अंदाजावर सोडायच्या नसतात. विषबाधेत आणि सर्पदंशात तरी दुसरं मत जास्त पटतं.

उरलेले प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध हा खानदेशातल्या संशोधनाचा मोठा भाग. विषबाधा, सर्पदंश, सिकलसेल यांची वर्षानुवर्षांची माहिती विभागांच्या कपाटांत बांधलेल्या प्रबंधांत आहे. ती एकत्र मांडून कुठल्या उपचाराने किती माणसं वाचली, हे पाहता येईल. आयसीएमआरची पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची संशोधन योजना १९७९पासून आहे. २०२०मध्ये जाहीर झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमामुळे पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयांत जातात. म्हणजे हात आहेत, रुग्ण आहेत आणि एकाच प्रदेशात, एकाच विद्यापीठाखाली पाच महाविद्यालयं आहेत. एका महाविद्यालयात अ‍ॅट्रोपिन दुप्पट करण्याची पद्धत पुतळ्यावर शिकवायची, दुसऱ्यात नेहमीसारखी व्याख्यानातून, आणि वर्षभर दोन्हीकडच्या वॉर्डांत पहिल्या तासात छाती मोकळी झालेल्या रुग्णांची संख्या मोजायची. ओआरएसबद्दल आईशी कसं बोलायचं, हे एका तुकडीला अहिराणीतून शिकवून बाह्यरुग्ण विभागात किती मुलांना बाटलीऐवजी पाकीट मिळालं ते पाहायचं. असा अभ्यास अवघड नाही, महागही नाही. सर्पदंशाच्या खाटेपाशी काचेची नळी कुठे ठेवली आहे आणि ती कशाने धुतली आहे, हे रात्रपाळीच्या इंटर्नला माहीत असतं का, एवढ्या एका प्रश्नापासूनही सुरुवात करता येईल.